जोखमीचा चौथा उपाय

...न्हाई, पण मी काय म्हणतो, जोखीम आली तर माणसानं चार गोष्टी कराव्यात हे ज्या कुणी शोधून काढलं ना, त्याला एकदा तरी आमच्या वडवणीकडं जेवायला बोलवायला पायजे व्हतं! चार उपाय म्हणं. पयला, जोखीम टाळा. दुसरा, जोखीम कमी करा. तिसरा, जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घाला. आन् चौथा... हां, तिथंच तर सगळा घोळ हाय. चौथा मला आठवतच न्हाई. घरी आठवतो, मोटारसायकलवर आठवतो, न्हाताना तर असा खणखणीत आठवतो की साबण हातातनं सुटावा. आन् तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर समोर बसलेले दिसले की गायब.

तुमाला सांगतो, एमसीएचे सगळे पेपर निघाले माझे. गणिताचा निघाला, डेटाबेसचा निघाला, ज्या पेपरात निम्मा वर्ग झोपला त्यो बी निघाला. राहिला एकच. 'माहिती तंत्रज्ञान प्रकल्प व्यवस्थापन आणि जोखीम.' नाव घेतानाच दम लागतो, पेपर कवा लिव्हायचा? दोन टायमाला गेलो त्याच्यात. पयल्या टायमाला सरांनी इचारलं, चौथा उपाय सांगा. मी म्हणलं, देवावर सोडणे. दुसऱ्या टायमाला म्हणलं आता देव नको, जरा व्यवहारातलं सांगू, तर तोंडातनं निघालं, पळून जाणे. सर म्हणले, "छान. आता तुम्ही पण जा."

इकडं पुण्याची कंपनी म्हणायली, डिग्री घिऊन या, तुमची जागा ठेवलीय. आन् तिकडं नेकनूरला आमचे वडील, नाना. नानांचा आवाज कसा, शेळ्यांना हाक मारून मारून घसा असा फाटल्यावाणी झालेला. "परमेश्वर, कंपनीत खुर्चीवरच बसायचं ना? मग खुर्ची बांधावर टाकतो. समोर शेळ्या हायेत. बस की बसायचं तेवढं." आता ह्या माणसाला जोखीम व्यवस्थापन शिकवावं का त्यांच्याकडनं शिव्या खाव्यात?  ह्या टायमाला पेपर निघाला न्हाई तर कंपनी गेली, डिग्री गेली, राहिल्या शेळ्या.

तर ह्या साली मॅडमनी नवंच काढलं. वनमाला मॅडम. बाई लई गुणी बरं का, माझ्यावर त्यांचा जीव हाय. दोनदा नापास केलेल्या पोरावर शिकवणाऱ्याचा जीव बसतोच, तोंड वळखीचं झालेलं असतं ना. बोलणं एकदम हळू, आन् प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'बरोबर?' लावायची सवय. "परमेश्वर, जोखीम म्हणजे काय? जी गोष्ट अजून घडलेली नाही, पण घडू शकते. बरोबर?" बरोबर, मॅडम. "मग काम सुरू करायच्या आधी बसायचं, काय काय बिघडू शकतं ते लिहून काढायचं. बरोबर?" बरोबर, मॅडम. "आणि ह्या वर्षी लुटुपुटीचा प्रकल्प नको. खरा ग्राहक शोधा, त्याला खरं सॉफ्टवेअर करून द्या. तोंडी परीक्षेत बाहेरचे सर त्याला फोन लावून विचारतील, काम पसंत पडलं का. तो नाही म्हणाला तर नापास." इथं मात्र माझी मान हलायची थांबली.

कावून? आवो, आपल्याकडं कुणाचं काम कुणाला पसंत पडलेलं बघितलंय का तुमी? लग्नात पंगतीला पोट फुटस्तोर जेवलेला माणूस, हात धुता धुता म्हणतो, "बाकी सगळं झकास झालं, निस्तं भाजीत मीठ जरा..." आन् पुढं बोलतच न्हाई. त्या 'जरा'वर यजमान सालभर झुरतो. असल्या मुलखात मी पसंतीचा माणूस कुठनं आणू?

आमचा गट तिघांचा. मी प्रकल्प व्यवस्थापक, म्हंजी ज्याला दुसरं कायच येत न्हाई त्याला करतात त्यो. दुसरी सुकन्या, माझ्या मागनं कॉलेजात आलेली. वडवणीच्या पल्याड माळावर त्यांची वस्ती, घरी मेंढरं, आमच्याच पावण्यारावळ्यातली. पोरगी अशी हुशार की ती कोड लिव्हायला बसली की कॉम्प्युटरनं नीट मांडी घालून बसावं. बोलायची कमी. 'हां' आन् 'न्हाई' ह्या दोन शब्दांवर तिनं सगळं कॉलेज काढलं, त्यातलं 'हां' माझ्या वाट्याला कवाच आलं न्हाई. आन् तिसरा रविराज, चाचणी विभाग. त्याचं अख्खं तत्त्वज्ञान चार शब्दांचं: "व्हतंय की बे, चल."

सुकन्या म्हणली, "ग्राहक माझे आबा." आबा म्हंजी तिचे वडील, हरिबा मामा. माणूस शांत, मिशा भरघोस, गोतावळा एवढा की निस्तं मोजायला बसलं तरी दोन माणसं राहून जावीत. आन् तेच तर त्यांचं दुखणं! घरात कार्य निघालं की फोनवर फोन करून आवतण द्यायचं, आन् एवढं करून कुणीतरी राहतंच, आन् जे राहतं ते रुसतं. बरं, बोलावलं तरी सुटका न्हाई. व्याह्याला व्याह्याच्या मानानं, मेव्हण्याला मेव्हण्याच्या मानानं. सगळ्यांना सरसकट 'या जेवायला' म्हणलं की झालंच, "आमाला काय वाटसरू समजलं का?" म्हणून सुकन्यानं ॲप काढलं. नाव 'आवतण'. फोनमधली नावं घ्यायची, प्रत्येकापुढं नातं लिव्हायचं, बटन दाबलं की ज्याला त्याला त्याच्या मानाचा मेसेज. सगळं तिनं एकटीनं केलं. मी त्या काळात व्यवस्थापन केलं, म्हंजी अधूनमधून फोन करून इचारलं, झालं का? ती म्हणायची, न्हाई.

आन् टाइम बी कसला, धोंड्याचा महिना! आता कुणाला ठाव नसंल तर सांगतो, अधिक महिना तीन सालाला एकदा येतो, त्याच्यात लेकीला आन् जावयाला धोंडे खायला बोलवायचं. पुरणाचे धोंडे, वरनं तुपाची धार, जावयाला पाटावर बसवायचं, कपडे, टोपी, ताटात तेहतीस अनारसे. त्या दिवशी जावई म्हंजी देव, निस्ता जरा जास्त खाणारा. हरिबा मामाच्या थोरल्या लेकीचा मालक बजरंग, तेलगावचा. घरातला एकुलता एक जावई, आन् मानाला असा जपणारा की चहाची कपबशी कुणाला आधी दिली हे ध्यानात ठेवणारा. त्याच्या धोंड्याच्या आवतणापासनं ॲपची सुरुवात करायची ठरली.

मॅडमनी सांगितलतं तसं आमी आधी बसलो, काय काय बिघडू शकतं ते काढलं. लाइट जाऊ शकती. रेंज जाऊ शकती. लॅपटॉप बंद पडू शकतो. मेंढरू चार्जर खाऊ शकतं... हसू नका, सुकन्याचा पयल्या सालात खाल्लाय! मॅडम खूश. म्हणल्या, "तुमच्या गटाची तयारी पूर्ण आहे. बरोबर?" बरोबर, मॅडम! आता काय बिघडायचं राहिलंय?

गेलो वस्तीवर. निस्ती चाचणी करायची व्हती. निस्ती! वस्तीवर फोन लागतो पण नेटची रेंज न्हाई, ते आमच्या जोखमीत व्हतं, म्हणून सुकन्या मामाचा फोन लॅपटॉपच्या वायफायला जोडून, लॅपटॉप घिऊन जवळच वरच्या माळावर रेंज हुडकीत गेलती. खाली लिंबाखाली रविराज मामाचा फोन घिऊन नाती भरायला बसला. मामा म्हणले, आधी जावयाचं लिव्हा. लिव्हलं, बजरंगराव, जावई. पुढची नावं मामा आठवून आठवून सांगायले, ह्यो माझ्या आत्याच्या नणंदेचा... रविराजला आला कट्टाळा. पयला रकाना बोटानं धरला आन् खाली पत्तुर वढला. सगळ्या गोतावळ्याफुडं एकच नातं, जावई. मी म्हणलं, "रविराज, हे काय बे?" म्हणतो, "तात्पुरतं हाय. निस्तं नीट बसतंय का बघायलो. व्हतंय की बे."

तेवढ्यात सुकन्याची आई, ताराबाई मामी, पदराला हात पुसत भायेर आल्या. "काय चालू करायलाव?" म्हणलं, मामी, ॲपची चाचणी. "म्हंजी कार्य सुरू करायलाव, आन् नारळ न्हाई का उदबत्ती न्हाई?" मी म्हणलं, मामी, आत्ता सुरू न्हाई, ही आधीची पायरी हाय, पुस्तकात... "त्ये पुस्तक ठिव तिकडं. आता टाइम चांगला हाय, मागनं राहूकाळ लागतोय." आन् माझ्या हातात नारळ. प्रकल्प व्यवस्थापकाच्या हातात! "तू फोड, तुझ्या नावातच देव हाय." आता तुमीच सांगा, हातात नारळ, समोर उदबत्ती, मामी डोळे मिटून हुभ्या, अशा टायमाला चाचणी आधी का मुहूर्त आधी ह्यावर वाद घालायचा का? मी नारळ हापटला. मामा म्हणले, आन् मी काय करू? रविराज म्हणला, मामा, तुमी घरातले मोठे, तुमी बटन दाबा, उद्घाटन करा, रेंज न्हाईच, कुठं काय जातंय?

इकडं नारळ फुटला, तिकडं माळावर सुकन्याला रेंज घावली, आन् मधी मामांनी बटन दाबलं.

आन् हे आमच्या जोखमीत न्हवतं!

मेसेज काय गेला, आयका. "आदरणीय जावईबापू, धोंड्याच्या जेवणाला आपल्या मानानं यावं. आपला पाट मांडून ठेवलाय. आपला सासरा, हरिबा." कुणाला गेला? मामाच्या फोनमधल्या एकूण एक माणसाला! गुरांच्या डॉक्टरला गेला, एसटीच्या कंडक्टरला गेला, बाजारातल्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याला गेला, मामाच्या सख्ख्या भावाला गेला, बजरंगच्या बापाला गेला, मला गेला, वनमाला मॅडमला गेला. मॅडमचा नंबर मामाकडं ग्राहक म्हणून व्हता ना, झाल्या मॅडम जावई!

मग सुरू झाले फोन. आधी डॉक्टर, एकदम दबक्या आवाजात, "हरिबा, तुम्ही मला योग्य समजलात, आनंद वाटला, पण माझं लग्न झालंय हो. आणि मेसेज बायकोनं वाचलाय. तिच्याशी जरा बोलता का?" मग मामाचे सासरे, काठी आपटल्याचा आवाज पयला आन् माणूस मागनं, "हरिबा, मी तुझा सासरा का तू माझा? एकदा ठरीव, म्हंजी कपडे कुणी घ्यायचे ते कळंल." मग बायडाबाई, त्या गावातल्या जुन्या सुईण, "मेल्या, तुझी नाळ म्या कापली आन् आता मी तुझी जावई? येते, पर टोपी घालणार न्हाई, सांगून ठिवते." आन् सगळ्यात शेवटी म्हाळू. बांधाला बांध लागून, आन् कसल्यातरी भांडणापायी कित्येक साल मामाशी बोलणं बंद. त्याचा नंबर मामांनी कावून ठेवला व्हता देव जाणे. त्याचा एकच शब्द आला. 'येतो.' मामी तो वाचून खालीच बसल्या.

पण खरा फोन आला तेलगावचा. बजरंग दाजी चिडले असते तर परवडलं असतं. दाजी म्हणले, "बरं." निस्तं बरं! ज्या जावयाला राग येतो त्याला समजवता येतं, जो बरं म्हणतो त्याच्यापुढं ब्रह्मदेव हात टेकतो. मागनं लेकीचा फोन, "आई, ह्यांनी पांघरूण घेतलंय. भर दुपारचं, उन्हाळ्यात. म्हणायलेत, सगळा तालुका जावई झालाय, माझी काय गरज? जेवणार न्हाईत, तिकडं बी न्हाई आन् हितं बी न्हाई."

आमी तिघं मान खाली घालून मामापुढं हुभे. मामा रागावले न्हाईत, त्याचंच जास्त लागलं. म्हणले, "हे बघा पोरांनो. बजरंगराव पाटावर बसले तर तुमचं काम पसंत. न्हाई बसले तर तुमच्या सरांशी मी खोटं बोलणार न्हाई." झालं! महिना सरत आलता. मुदतवाढ मागावी म्हणलं तर कुणाकडं मागायची, पंचांगाकडं? पुढचा धोंड्याचा महिना तीन सालानं. तवर कंपनीनं काय माझ्या जागेवर फुलं वाहत बसायचं का? मला तर डोळ्यापुढं बांधावरची खुर्ची दिसायली.

म्हणलं परमेश्वर, घाबरू नको, पुस्तक आठव. उपाय पयला, टाळा. रविराज म्हणला, सोप्पं हाय, सांगू फोन चोरीला गेलता, मेसेज चोरानं केला, कुणी येऊ नका. मामा म्हणले, "बोलावलेलं माणूस मागं फिरवायचं न्हाई. म्हाळूला सुद्धा." टाळणं संपलं. उपाय दुसरा, कमी करा. सुकन्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आन् दुसरा मेसेज लिव्हला, "मागच्या निरोपात जावई हा शब्द चुकून पडला. आवतण मात्र खरं हाय. सगळ्यांनी जेवायला यावं." गेला सगळ्यांना. डॉक्टरच्या घरी शांतता झाली. पण दाजी काय पांघरुणाच्या भायेर येईनात. उपाय तिसरा, दुसऱ्याच्या गळ्यात घाला! चूक रविराजची, मग रविराजच जाईल तेलगावला. गेला. संध्याकाळी ढेकर देत परत. म्हणला, "दाजीचं बरोबर हाय बे. माणूस लई दुखावलाय. मलाच रडू आलं." तिसरा बी संपला. आन् चौथा... आठवंना! म्हणून दुसऱ्या दिवशी एसटी धरून मीच गेलो.

दाजी उसाला पाणी देत व्हते, माझ्याकडं पाठ करून. म्हणलं, दाजी, चुकलं आमचं. पाठ तशीच. म्हणलं, मशीनची चूक हाय. पाठ बोलली, "मशीनला माणसाची किंमत नसती, मान्य हाय. पर माझ्या बापाला जावईबापू लिव्हलं. आता आमी बापल्याक एका पाटावर बसू का?" आता ह्याला काय उत्तर हाय? हाय तुमच्याकडं?  पर त्या टायमाला कुठनं डोस्क्यात उजेड पडला कुणास ठाव. म्हणलं, दाजी, तुमाला दुसरा मेसेज आला का? 'चुकून पडला' म्हणून? दाजींनी फोन काढला, बघितला. म्हणले, "न्हाई." म्हणलं, न्हाईच येणार! सगळ्या तालुक्याला आलाय. डॉक्टरला आला, कंडक्टरला आला, तुमच्या वडलांना आला. सगळ्यांचं जावईपण रद्द झालं. ज्याला दुसरा मेसेज आला न्हाई त्यो एकटा खरा जावई. तुमचं कायम हाय, दाजी!

पाठ वळली. छाती बी जरा रुंद झाल्यावाणी वाटली. "म्हंजी रद्द न्हाई?" म्हणलं, आवो न्हाई! इस्वास बसंना तर हे बघा, माझाच फोन बघा, मला बी दोन्ही मेसेज आल्यात. आन् मोठ्या ऐटीत मी माझा फोन त्यांच्यापुढं धरला. दाजींनी बघितलं. वर केलं, खाली केलं. मग फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत फोनकडं. आन् मिशीत हसत म्हणले,

"दुसरा मेसेज तुला बी न्हाई. साडू व्हायलास का बे?"

आन् हे... हे तर आमच्या जोखमीत स्वप्नात सुद्धा न्हवतं!

मी घाबरून फोन लावला. माणूस प्रकल्प व्यवस्थापक असला की त्याला पयल्यांदा काय सुचतं? म्हणलं, "सुकन्या, ॲपमधी चूक घावली, बग हाय. दुसरा मेसेज दाजीला गेला न्हाई ते ठीक हाय, ते जावईच हायेत. पर मला बी आला न्हाई." तिकडं तिनं आधी मेंढरांना हाळी दिली. मग ती म्हणली, "बग न्हाई त्यो." आन् फोन बंद.

तुमाला सांगतो, मी तिथंच उसाच्या बांधावर बसलो. वल्या मातीत, चांगल्या पँटीवर. तीन साल एका कॉलेजात, तीन साल निस्तं 'न्हाई' आयकलं, आन् माझ्या आयुष्यातलं पयलं 'हां' आलं ते बी 'न्हाई' होऊनच! खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला डिग्रीचा बी झाला नसता. दाजी वरनं म्हणायले, "ऊठ, आता तर मला यावंच लागंल. नवीन माणसाला वळण कोण लावणार?"

आले की दाजी! नवा सदरा घालून, दोन पावलं पुढं चालत, मी मागं त्यांची पिशवी घिऊन. मामाच्या वस्तीवर तर जत्रा. मामीला फिकीर पडलेली, एवढी माणसं, पुरण पुरंल कसं. तर जो येतो तो कायतरी घिऊन येतो. कुणी गूळ, कुणी डाळ, शेजारच्या बाया आपापली पोळपाटं घिऊन आलेल्या, बायडाबाई कढईपाशी सगळ्यांवर वरडत बसलेल्या. डॉक्टर बायकोला घिऊन आले, खात्री करून द्यायला. वनमाला मॅडम सासूबाईंना घिऊन आल्या आन् धोंडा खाता खाता मला म्हणल्या, "परमेश्वर, चाचणीच्या आधी उद्घाटन झालं. बरोबर?" बरोबर, मॅडम. "अजून एक वाढायला सांग." आन् म्हाळू. हातात तुपाची बरणी, कुणाकडं बघितलं न्हाई, बरणी ठेवली, पंगतीच्या कडेला बसला, जेवला.  हात धुतले आन् कित्येक सालांनी मामाकडं बघून म्हणला, "भाजीत मीठ बरोबर हाय." मामांनी डोळे पुसले. म्हणले, धूर लई झालाय.

दाजी पाटावर बसले, कपडे झाले, अनारसे झाले. सगळं गोडीत चाललेलं, आन् मामींनी दाजींच्या शेजारी दुसरा पाट आणून मांडला! दाजी मोठ्यानं म्हणले, "ह्यो कुणाचा वं?" झालं, सगळ्या पंगतीच्या माना माझ्याकडं. माझं निम्मं बूड उठलेलं, निम्मं बसलेलं. तेवढ्यात सुकन्या तूप वाढत आली, पायानं पाट सरकवला, भिताडाला लावला, आन् म्हणली, "पेपर निघाल्यावर." असली हसली माणसं, असली हसली, मॅडमच्या सासूबाईंना ठसका लागला.

आता बघा माझी दशा! आधी निस्ती डिग्री अडकलेली, आता पाट बी अडकला. जोखीम कमी करायला गेलो आन् डबल करून आलो.

गेलो तोंडी परीक्षेला. बाहेरगावचे सर तेच! वळखलं त्यांनी. चष्मा पुसला, फाइल मिटली, म्हणले, "देवावर सोडणे आणि पळून जाणे सोडून, चौथा उपाय सांगा." म्हणलं, सर, पयला टाळणे, दुसरा कमी करणे, तिसरा दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, आन् चौथा... गेला! सकाळी न्हाताना आलता, टावेल गुंडाळस्तोर व्हता, आता गेला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. सर म्हणले, राहू द्या, ग्राहकाला फोन लावू. लावला, सगळ्यांना आयकू जाईल असा. म्हणले, काम पसंत पडलं का?

मामांचा आवाज आला, मागं मेंढरं. "खरं सांगू का सर? पोरांनी अख्ख्या तालुक्याला माझा जावई केलं. पर चूक झाली तवा कुणी पळालं न्हाई. आलं ते पदरात घेतलं आन् निस्तरलं. पसंत हाय."

"पदरात घेणे!" मी वरडलोच. "सर, चौथा! पदरात घेणे!" सर माझ्याकडं बघायले. मॅडमनी डोळे उघडले आन् हळूच म्हणल्या, "पुस्तकात त्याला जोखीम स्वीकारणे म्हणतात. बरोबर?" सर म्हणले, "...बरोबर." आन् निघाला की वं पेपर! काठावर निघाला, पण निघाला.

तर आता पुण्याला निघालोय. नाना म्हणले, खुर्ची बांधावरच ठिवतो, कवा बी ये. नोकरी सुकन्याला बी लागली, त्याच कंपनीत, माझ्या वरच्या जागेवर. दिवाळीनंतर लग्न हाय, त्याची व्यवस्थापक तीच. म्हणली, पत्रिका छापायच्या न्हाईत, सगळ्या गोतावळ्याला आपल्या ॲपवरनंच आवतण जाणार, आन् नाती भरायला रविराजला बसवलंय. बटन दाबायला आबा, नारळ फोडायला मी!  म्हणलं, सुकन्या, हे टाळू या का? म्हणली, न्हाई. म्हणलं, मग निदान माणसं तरी कमी करू? न्हाई. म्हणलं, बरं, आवतणाचं काम बजरंग दाजींच्या गळ्यात घालू का? न्हाई. आता राहिला एकच, आन् त्यो, तुमाला सांगतो, आता मेलो तरी इसरत न्हाई.